तलावाची ओटी

माणूस कामात असतो तोवर बरा असतो, असं माझं मत झालंय. त्याला फुरसत मिळाली की तो काय आहे ते कळतं. गेली अठरा वर्षं मी लोकांची फुरसत सांभाळतोय, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही. बँकेच्या रांगेत मुकाट उभा राहणारा गृहस्थ आमच्या शॉवरखाली येतो, घशातून खाकरून काढतो आणि भिंतीवर थुंकतो. शाळेत स्वच्छतेचा तास घेणाऱ्या बाई, पोरगं तलावात मुतलं की हसून म्हणतात, "लहान आहे हो अजून." पोरगं सातवीत असतं.

सकाळचं माझं पहिलं काम म्हणजे तलावाच्या पंपाजवळची जाळीची टोपली उघडून बघणं. काम शिपायाचं आहे, पण त्याच्यावर सोडलं की तो टोपली नुसती झटकतो आणि धुतली म्हणून सांगतो. म्हणून मीच बघतो. केसांचे गुंतवळ, जखमेवरच्या पट्ट्या, टिकल्या, गुटख्याच्या पुड्या, कुणाच्या तरी अंगठ्याचं अख्खं नख. सांगलीत असताना एकदा दातांची कवळी निघाली. मी ती कागदात गुंडाळून ऑफिसात ठेवली. दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापक आले, त्यांनी कवळी ओळखली, माझ्यासमोरच बाटलीतल्या पाण्यानं विसळली, तोंडात बसवली आणि मला थँक्यू म्हणाले. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला नाही.

बरं, हे काम काही कुणी माझ्या गळ्यात मारलेलं नाही. मी हौसेनं पत्करलं. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठावर. पाठीला वाळका भोपळा बांधून आम्ही पोरं नदीत पडायचो आणि महिन्याभरात भोपळा सोडायचो. मी साताऱ्याला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज केलं, मग पुण्याला जाऊन क्रीडा व्यवस्थापनाची पदविका घेतली. पदविका म्हणजे नक्की काय, हे वडिलांना समजावताना माझी पुरेवाट झाली. ते उसाच्या बांधावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पवायला शिकवायचा पगार मिळतोय व्हय रं? मग नदी काय बंद पडली का काय?"

त्यांना वाटलं होतं, चुलत्यासारखा मी फौजेत जाईन. फौजेतल्या माणसाला गावात मान असतो. मला काय होता? पहिली नोकरी पाचगणीला एका निवासी शाळेच्या तलावावर लागली, तिथपर्यंत ठीक होतं, शाळा म्हटलं की लोक गप्प बसतात. पण पुढं सांगलीला क्लबचा व्यवस्थापक झालो आणि पंचाईत झाली. आमच्या भागात क्लब म्हणजे पत्त्यांचा क्लब. 'मुलगा क्लबात मॅनेजर आहे' म्हटलं की मुलीचा बाप चहा अर्धा ठेवून उठायचा. एका स्थळाचे मामा तर खात्री करायला गुपचूप येऊन गेले. नेमके त्या वेळी आमचे आठ आजीव सभासद कपडे बदलायच्या खोलीत उघड्या अंगानं बसून रमी खेळत होते. ते स्थळ गेलं. पुढं लग्न झालं माझं, पण सासरच्या घरी अजून मी 'जिममध्ये असतो'.

पाचगणीच्या शाळेत तलाव बघणारे एक म्हातारे सर होते. बोलायला तिखट, हाताखालच्या माणसाला दिवसातून दोनदा रडवायचे. त्यांनी मला पहिल्या दिवशी काठावर उभं केलं आणि विचारलं, सगळ्यात खोल जागी तळाला लोखंडी झाकण आहे, ते दिसतंय का? मी म्हटलं दिसतंय. म्हणाले, "ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी फाटकाला कुलूप. कोण आलंय, कुणाचा फोन आलाय, काही ऐकायचं नाही. तळ दिसत नाही तिथं बुडालेलं माणूसही दिसत नाही." बस, एवढंच. बाकी पदविकेत दोन वर्षं जे शिकलो ते मी विसरलो असेन, हे विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, निदान नकळत चुकलो असं म्हणता आलं असतं.

सांगलीचं केंद्र एका संस्थेचं होतं. तलाव, बॅडमिंटनचा हॉल, व्यायामशाळा, हिरवळ आणि कँटीन. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आमचे साहेब. साहेबांना खेळाचं काही नव्हतं, त्यांना सत्काराचं होतं. आमच्या भागात सत्कार हा आजार आहे. कुणी निवडून आलं की सत्कार, कुणी पडलं तरी 'झुंज दिली' म्हणून सत्कार. बॅडमिंटनच्या हॉलची लाकडी जमीन मी ज्या पोटतिडकीनं सांभाळायचो, त्यावर महिन्यातून दोनदा खुर्च्या ओढल्या जायच्या, स्टेजच्या बल्ल्या रोवल्या जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी खेळाडू येऊन मला विचारायचे की जमिनीला खड्डे कसे पडले. हारातल्या झेंडूच्या पाकळ्या घामाच्या बुटांखाली चिरडून जो वास येतो, तो वास म्हणजे माझी निम्मी नोकरी. नारळाची शेंडी पायाखाली आली की मला अजूनही शिसारी येते.

महिलांची बॅच मात्र मी मनापासून सुरू केली होती. सकाळी नऊ ते दहा, फाटकावर पडदा, शिकवायला बाई. ती बाई स्वतः राज्यपातळीवर पोहलेली, बोलायला कमी आणि कामाला चोख. पहिल्या वर्षी चौदाजणी आल्या. त्यांतली एक जतच्या पलीकडची होती. वय पंचेचाळीसच्या पुढं. माहेर-सासर दोन्हीकडं मेंढरं, आता नवऱ्याचं सांगलीत घोंगड्यांचं दुकान. नाव नोंदवायला आली तेव्हा पदर डोक्यावर, हातात पिशवी, आणि आत यावं की नको अशी दारात उभी. मी म्हटलं, बसा. तर म्हणाली, "बसायला न्हाई आले. तरंगायला शिकायचं हाय."

मी विचारलं, गावाकडं विहिरीत कधी पोहला नाहीत का? तशी ती हसली. "आवं साहेब, आमच्याकडच्या हिरीचा तळ बारा म्हैनं दिसतोय. त्यात पवायचं कसं, आन बुडायचं कसं?"

ती गुडघाभर पाण्यातसुद्धा थरथरायची. पहिला आठवडा तिनं कठड्याची दांडी सोडली नाही. मग एक दिवस शिकवणाऱ्या बाईंनी तिला चष्मा लावायला दिला आणि तोंड पाण्यात घालायला सांगितलं. ती वर आली ती ओरडतच. "अक्का! खालचं समदं दिसतंय की! फरशीच्या रेघा दिसत्यात!" तळ दिसला आणि तिचं भय गेलं. साडेतीन फुटांच्या बाजूला ती तोंड पाण्यात घालून चालायची, खाली बघत. हंगाम संपता संपता ती उताणी तरंगायला लागली. हात पसरून, डोळे मिटून, चेहऱ्यावर असं काही की मी पडद्याआडून जाताना मान फिरवायचो, कारण ते बघणं मला आगाऊपणाचं वाटायचं. माझ्या सगळ्या नोकरीत ज्याची मला किळस आली नाही असं एवढंच. जाताना तिनं मला सांगितलं, पुढच्या वर्षी आडवा तलाव एका दमात पार करणार. मी म्हटलं, मी काठावर उभा राहून बघीन.

पुढच्या हंगामाआधी आम्ही तलाव रिकामा करून फरशा बदलल्या, पुन्हा भरला. त्याच सुमारास साताऱ्याला संस्थेचं नवं केंद्र होणार असं ठरलं. आमच्यापेक्षा दुप्पट मोठं, आणि तिथं प्रमुख म्हणून माझं नाव घेतलं जात होतं. मला ते पाहिजे होतं. साध्या शब्दांत सांगतो, इतकं पाहिजे होतं की मला झोपेत साताऱ्याच्या ऑफिसातलं टेबल दिसायचं. वडील थकले होते, गाव तिथून जवळ. आणि एकदा तरी त्यांना कळावं असं वाटत होतं की मी भोपळा बांधणाऱ्यांतला नाही.

साहेबांनी ठरवलं, पाडव्याला तलावाचं जलपूजन आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते हंगामाचं उद्घाटन. जलपूजन वहिनीसाहेबांच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या हातून. मला धोका तेव्हाच कळला. म्हणून मी घरून आईचं तांब्याचं घंगाळ आणलं, घासूनपुसून लख्ख केलं, तलावाच्या पाण्यानं भरून काठावर चौरंगावर ठेवलं. म्हटलं, काय हळद-कुंकू वाहायचं ते यात वाहा. वहिनीसाहेब आल्या, त्यांच्या मागं महिला मंडळाच्या साठ-सत्तरजणी. प्रत्येकीच्या हातात ताट. घंगाळाकडं बघून वहिनीसाहेब म्हणाल्या, "अहो मॅनेजर, भांड्याची ओटी भरतात का कधी?" आणि मागून एक म्हातारी ठसक्यात म्हणाली, "पान्याची वटी पान्यातच भरायची आसती, बाबा. किस्नामाईची न्हाई का भरत?"

कृष्णामाई वाहती आहे. आमचं पाणी तेच ते, पंपातून जाऊन परत येणारं. हे मी सांगितलं. दोनदा सांगितलं. माझ्या बोलण्याकडं कुणी लक्ष दिलं नाही, कारण तोवर ओट्या सुरू झाल्या होत्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, बांगड्या. हळद-कुंकू मुठीनं. मग कुणीतरी दुधाचा कॅन आणला, कारण पहिलं पाणी म्हणजे बाळंतीण आणि तिला दूध नको का? मग द्रोणांत तेल घालून लावलेले कणकेचे दिवे सोडले. दिसायला सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. सगळ्यांनी मोबाईल काढले. पंपानं पाणी ओढायला सुरुवात केली तसे द्रोण जाळीकडं सरकले, तिथं एकमेकांवर चढले आणि बुडाले. अर्ध्या तासात दिव्यांची कणीक विरघळली, पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि कडेनं कुंकवाचा लाल गिलावा फरशीला धरला. नव्या फरशीला. सत्तर सुशिक्षित-अशिक्षित बायकांनी मिळून एका सार्वजनिक तलावाचं खरकटं करून टाकलं होतं आणि प्रसाद म्हणून माझ्या हातात पेढा दिला होता.

संध्याकाळपर्यंत पाणी ताकासारखं झालं. टोपलीतून मी तांदळाचा लगदा हातानं उपसला. फिल्टर धुतला, परत तुंबला, परत धुतला. काठावर उभा राहिलो. खोल बाजूचं झाकण सोडाच, दोन फुटांखालचं काही दिसत नव्हतं. औषध जास्त टाकून, तुरटी फिरवून, गाळ खाली बसवून तो ओढून काढायचा, तर तीन दिवस लागणार होते. मी साहेबांच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर बसून उद्याच्या सत्कारांची यादी तपासत होते. मी म्हटलं, उद्घाटन करा, फीत कापा, पण पाण्यात कुणाला सोडायचं नाही. तीन दिवस द्या.

"फोटोत तर पानी निळं दिसतंय की ओ," साहेब म्हणाले.

"फरशी निळी आहे साहेब. तळ दिसत नाही."

"तळ बघायला कोण येणाराय? पावणे तळ बघायला येत्यात व्हय? बायकांची बॅच पाण्यात पायजे, फोटो निघाले पायजेत. महिलांसाठी काम करतोय म्हणून तर साताऱ्याचं मंजूर हुतंय." मग यादी खाली ठेवून जरा मायेनं म्हणाले, "तुमचं नाव मी उद्या त्यांच्या कानावर घालणाराय. आता तलाव बंद ठेवून काय सांगू? आमच्या मॅनेजरला पान्याची भीती वाटतीय म्हणून?"

मी हसलो. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की मी हसलो.

सकाळी हलगी वाजत होती, फ्लेक्स लागले होते, साहेबांचा चेहरा तलावाच्या चारी भिंतींवर. चौदाजणी कडेला रांगेत उभ्या. शिकवणाऱ्या बाईंनी पाण्याकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, फक्त उथळ बाजूला, पाच मिनिटं, फोटो झाले की बाहेर. त्यांनी वळून रांगेतली डोकी मोजली. बोलल्या असत्या तर मला त्यांच्यावर चिडता आलं असतं. आणि ती, जतची, पुढं वाकून पाण्यात बघत होती. पदर नव्हता, पोहण्याचा काळा पोशाख, केस टोपीत. वर्षभर ज्याची वाट बघितली तो दिवस.

"साहेब, आज पानी गढूळ दिसतंय."

मी म्हटलं, "दुधामुळं जरा तसं दिसतंय. काही होत नाही. तुम्ही उतरा."

ती उतरली. माझ्यावर विश्वास ठेवून उतरली.

जीवरक्षक एकच होता आणि त्याच्या हातात मी हार-नारळांचं तबक दिलं होतं. सत्कार बावीस आणि तबक धरायला माणूस कमी, म्हणून. मी माईकवर होतो. अशा कार्यक्रमात सगळ्यात जपायचं असतं ते यादीतलं नाव गाळलं जाऊ नये म्हणून. एक नाव राहिलं तर माणूस दहा वर्षं बोलत नाही. मी यादीवर बोट ठेवून एकेक नाव घेत होतो, पदांसकट. हलगी प्रत्येक नावाला एक ठेका द्यायची. बायका पाण्यात उभं राहून हात हलवत होत्या, फोटोवाला त्यांना मागं सरका, अजून मागं, म्हणत होता, म्हणजे फ्लेक्स सगळा यावा. मागं म्हणजे खोल बाजू. साडेतीन फुटांनंतर तळ उताराला लागतो आणि तिथं फरशीत जाड लाल रेघ आहे. ती रेघ त्या दिवशी पाण्याखाली कुठं आहे हे कुणाला दिसत नव्हतं. ती तर खाली बघूनच चालायला शिकलेली.

माझं सोळावं नाव चाललं होतं तेव्हा शिकवणाऱ्या बाई ओरडल्या. त्यांनी डोकी मोजली होती आणि तेरा भरली होती. त्या कपड्यांसकट पाण्यात गेल्या. जीवरक्षकाला तबक कुठं ठेवावं हे कळेना, त्यानं ते टाकून दिलं आणि उडी मारली, नारळ फरशीवर गडगडले. दिसत काहीच नव्हतं. ते दोघं पाण्यात हातांनी चाचपत होते, पायांनी चाचपत होते, अंधारात वस्तू हरवावी तसे. मी माईक धरून उभा. एखादं मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील, मला आजही सांगता येत नाही. बाईंच्या पायाला काहीतरी लागलं. त्यांनी तिला वर आणलं तेव्हा तिच्या तोंडावर, नाकात तांदळाचा तो लगदा होता. पाठ थोपटून, छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन बाईंनी तिला परत आणली. ती ओकली आणि रडायला लागली. पाहुणे तोवर गाडीत बसले होते.

ती तीन दिवस दवाखान्यात होती. फुप्फुसात पाणी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बातमी लिहायला लावली, कारण वर्तमानपत्रांना बातम्या मीच लिहून देतो. ते तोंडानं सांगत गेले, मी लिहीत गेलो. महिलेला अचानक चक्कर आली. व्यवस्थापकांनी प्रसंगावधान राखलं. प्राण वाचले. 'प्रसंगावधान' हा शब्द माझा, साहेबांना सुचत नव्हता. शिकवणाऱ्या बाईंचं नाव बातमीत नव्हतं. त्यांनी ती वाचली, त्या दिवसाचा तास पूर्ण घेतला आणि राजीनामा टेबलावर ठेवून गेल्या. मी त्यांना थांबवायला फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही.

आणि मग माझा सत्कार ठरला. मी नको म्हटलं. खरंच म्हटलं, पण जसं म्हणायला पाहिजे होतं तसं नाही. तिच्या नवऱ्याचीच इच्छा होती. साधा माणूस, हात जोडूनच बोलायचा. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पुन्हा खुर्च्या ओढल्या गेल्या. साहेब म्हणाले, असा माणूस संस्थेला लाभला हे आमचं भाग्य. नवऱ्यानं शाल आणली नव्हती. त्यानं घोंगडं आणलं होतं, काळं, जाड, घरच्या मेंढरांच्या लोकरीचं, दुकानात विकायला न ठेवलेलं. त्यांच्यात याहून मोठा मान नाही. एप्रिलच्या उन्हाळ्यात त्यानं ते माझ्या खांद्यावर घातलं, माझ्या पायाला हात लावायला वाकला आणि म्हणाला, "तुमी व्हता म्हनून माझं घर ऱ्हायलं." त्याच्या टाळूवरचा घाम मला दिसत होता. माझ्या अंगावर लोकर टोचत होती. मला स्वतःच्या कातडीची किळस आली. इतकी मला त्या टोपलीतल्या कशाचीही कधी आली नव्हती.

त्यानं मग बायकोला पुढं बोलावलं. ओवाळायला. ती उठून आली, पदर डोक्यावर, तोंड उतरलेलं. तिनं मला कुंकू लावलं. नवरा मागं वळून साहेबांशी बोलत होता, फोटोवाला बॅटरी बदलत होता. आम्ही दोघंच होतो म्हणा ना.

मी हळू आवाजात म्हटलं, "बरं वाटलं की परत या. मी स्वतः उभा राहीन."

"न्हाई. मालकांनी पान्यात जायाचं बंद केलंय."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"नगा बोलू." तिनं ताट एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं. रागावून नाही. जे कळत नाही ते विचारावं तसं. "मी बाईमाणूस हाय, साहेब. मालकांनी सांगितलं की मला ऐकावं लागतंय. तुमाला काय झालं हुतं?"

फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. मी तिकडं बघितलं.

महिन्याभरानं मी साताऱ्याला प्रमुख म्हणून रुजू झालो.